एक यंत्र दाखव

“त्यात सॉफ्टवेअर असतं का?” बाईंनी विचारले.

तरुण डॉक्टर जरा गोंधळले. पेसमेकर म्हटल्यावर रुग्ण खर्च विचारतात, दुखेल का विचारतात. हा प्रश्न त्यांना नवा होता. “असतं थोडं, आजी.”

“मी तुमची आजी नाही. आणि थोडं असो की फार, ते माझ्या छातीत जाणार नाही.”

बाई एके काळी टेलिफोन एक्स्चेंजच्या प्रमुख होत्या. हाताने तारा जोडून देणाऱ्या मुलींची अख्खी रांग त्यांच्या नजरेच्या धाकात काम करी. त्यांनी ‘नाही’ म्हटले की वरिष्ठही दुसऱ्यांदा विचारत नसत. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते. हृदयाचे ठोके फार मंदावले आहेत, स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडलात ती नुसती चुणूक होती, पुढच्या वेळी थांबलेला ठोका परत पडेलच असे नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा समजावून सांगितले. शस्त्रक्रिया उद्या सकाळीच व्हायला हवी होती.

“माझा मुलगा सॉफ्टवेअर लिहितो,” बाई म्हणाल्या. “त्यालाच विचारा, ते किती भरवशाचं असतं.”

मुलगा खिडकीशी उभा होता. डॉक्टर संमतीचा कागद उशाशी ठेवून निघून गेले.

बाईंचे म्हणणे हवेतले नव्हते. यंत्रांविषयी मुलाची मते साऱ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. शेजाऱ्यांनी फोनने उघडणारे कुलूप बसवले, तेव्हा त्याने आपल्या दाराला जुनाच कडी-कोयंडा ठेवला. गाडीतला नकाशा बोलत असतानाही हा काच खाली करून रस्त्यावरच्या माणसाला वाट विचारी. “आई, हे सगळं माझ्यासारख्याच माणसांनी लिहिलेलं असतं,” तो म्हणे, “शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायच्या घाईत.”

सुनेने हौसेने आणलेल्या इंडक्शन शेगडीजवळ तो फिरकत नसे. चहा हवा असला तर दारातूनच सांगे. दुकानाच्या तोंडाशी चोर पकडणारी चौकट लागली, की मागे कुत्रे लागल्यासारखा झपकन पार होई. फोन सदऱ्याच्या खिशात तर कधीच नाही. एकदा चुकून ठेवला, तेव्हा सुनेने भरल्या पंगतीतून उठून तो काढून घेतला.

“स्वयंपाकीच आपल्या हातचं जेवत नाही म्हटल्यावर पाहुण्यांनी काय समजायचं रे?” बाईंनी तेव्हा चिमटा काढला होता.

“आतला मसाला ठाऊक असतो ना, आई,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. सून तेवढी वाढायला वळली.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरले ते वडील गेले त्या वर्षी. तोवर घरात नवनवी यंत्रे आणणारा तोच. त्या वर्षी बाईंनी अंथरूण धरले होते, आणि नेमके तेव्हाच त्याला कसल्याशा प्रशिक्षणासाठी परगावी जावे लागले. परतला तो उतरलेल्या तोंडाने. बापाचे दुःख, बाईंना वाटले. त्या अंथरुणातून आपण उठलो ते केवळ या एकुलत्या एका धडधाकट पोराकडे बघून, असे त्या आजही सांगत.

आता तेच पोर खुर्ची ओढून त्यांच्या पलंगाशी बसले.

“आई, सही कर.”

“का? तूच शिकवलंस मला. तुझ्या सांगण्यावरून तो बोलणारा स्पीकर मी बहिणीला परत केला. आता तेच काळजात बसवून घेऊ?”

“ते वेगळं, हे वेगळं. मी लिहितो ते बिघडलं तर लोक चार शिव्या देतात आणि बंद करून पुन्हा चालू करतात. हे बंद करता येत नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. एकेका ओळीवर ते महिनोन्‌महिने घालवतात.”

“तू बघितलंस?”

“नाही.”

“तिथे नोकरीला आहेस?”

“नाही.”

“मग कुठल्या तोंडाने सांगतोस?”

त्याने क्षणभर डोळे मिटले. “बिघडू शकतं, आई. खोटं नाही सांगणार. पण तुझं हृदय आजच बिघडलंय.”

“आमच्याकडे आपोआप चालणारं यंत्र आलं, तेव्हा साहेबही असंच गोड बोलले होते. पहिल्याच आठवड्यात एका बाळंतिणीच्या नवऱ्याने दवाखाना मागितला, तर स्मशान लागलं. माझ्या मुलींच्या हातून असं कधी झालं नव्हतं.”

पलंगाच्या पायथ्याशी बसलेली सून खुदकन हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. “आई, ऐका ना त्यांचं. एवढं एकदा ऐका.”

“तू मध्ये पडू नकोस.”

खरे तर बाईंना जगायचे होते. रात्री डोळा लागताना आता त्यांना भीती वाटे. पण भीतीपोटी केलेली सही त्यांनी हाताखालच्या कुणाचीही कधी मानली नव्हती. स्वतःची कशी मानतील?

“ठीक आहे,” अखेर त्या आपल्या एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाल्या. “एक यंत्र दाखव मला. एकच. ज्याच्या भरवशावर तू स्वतःचा जीव टाकला आहेस. मग करते सही.”

मुलाने बायकोकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली, आणि उठून खोलीचे दार लावून घेतले.

त्याने सदऱ्याची वरची बटणे काढली, आईचा हात आपल्या हातात घेतला आणि डाव्या खांद्याच्या अलीकडे, गळ्याच्या हाडाखाली नेऊन टेकवला. तिथे कातडीच्या आत, बाईंच्या बोटांखाली, काहीतरी चपटे, कठीण, किंचित सरकले.