खाच

घरच्या भिंतीवरचं चकमकीचं जुनं पिस्तूल उतरवून दारिंका त्सेतिन्ये शहरात बंदुका दुरुस्त करणाऱ्या क्रस्तोकाकांच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "याचा एकेक भाग मला ओळखायला शिकवा." कशाला, हे काकांनी विचारलं नाही. तिचा मुलगा विदाक हेच पिस्तूल पुसता पुसता गोळी सुटून गेला होता. अपघातच म्हणायचे सगळे, पण जरा हळू आवाजात.

ती रोज यायला लागली. नळी, चाप, घोडा, कमान, रंजकाच्या दारूची वाटी. काका पिस्तूल खोलून समोर मांडायचे, आणि ती डोळे मिटून नुसत्या हाताने भाग सांगायची.

"बरीच जणं शिकली माझ्याकडे," काका म्हणाले, "पण इतक्या लवकर कोणी नाही."

एका सकाळी तिने विचारलं, "घोडा अर्धा ओढून ठेवलाय आणि चापाला कोणी हातच लावला नाही. तरी पडेल?"

काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. "पडतो की! आतली खाच झिजली, की घोडा अडकून राहत नाही. जुन्या पिस्तुलाचा काय भरवसा? आपोआपच उडालं ते, पोरी. विदाकच्या मनात काही नव्हतं."

दारिंकाने समोर खोलून ठेवलेल्या पिस्तुलाच्या त्या खाचेवरून अंगठा फिरवला. धार शाबूत होती. अंगठ्याला टोचली.

"काका," ती उठत म्हणाली, "उद्या ह्यांना घेऊन येते. जेवण सोडलंय त्यांनी. आत्ता मला सांगितलंत ना, तस्संच त्यांना सांगा. त्यांना यातला एकही भाग ओळखता येत नाही."