दुसरा हात

"पोरीला आमी कुठं अडीवलंय, गुरुजी?" नीलव्वाच्या आईने, शांताक्काने, हातोडा खाली ठेवला. "तीच येत न्हाय म्हणायलीय."

सायकलवरून येताना बलभीम गुरुजींनी सगळं बोलणं मनात जुळवून आणलं होतं. दुष्काळ आज आहे, उद्या नाही. धाकट्याला सांभाळायला घरी आजी आहे. शाळेत दुपारी खायला सुकडी मिळते. नीलव्वाचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले आणि त्याच सुमारास तिची शाळा सुटली. तेव्हा त्यांनीच तिला ठेवून घेतलं असणार, असं गुरुजींनी धरलं होतं.

चौथीची परीक्षा तोंडावर आली होती. या वर्गात सुटलेली मुलगी पुन्हा शाळेची पायरी चढत नाही, हे त्यांनी सीमेवरच्या या गावात पुष्कळदा पाहिलं होतं. आणि नीलव्वा तर कविता अशी म्हणायची, की शेजारचा वर्गसुद्धा थांबून ऐकायचा.

"तुमीच ईचारा तिला," तिचा बाप बंडप्पा म्हणाला. "व्हय म्हणली तर उद्या म्या सोता आणून सोडतो. पोर तुमचीच हाय."

पलीकडे खडी फोडणारी म्हातारी गिरिजाबाई म्हणाली, "ती व्हय म्हणंस्तवर हातोडा घ्या की, गुरुजी. मुकादम तुमची बी हजेरी लावंल."

बायका हसल्या. गुरुजीही हसले.

नीलव्वा खडीच्या ढिगाआड, गोणपाटाच्या सावलीत धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती.

"नीलव्वा, उद्यापासून शाळेत येतेस ना?" गुरुजींनी मराठीत विचारलं.

तिने मान खाली घातली.

बुजली, गुरुजींना वाटलं. ते मूळचे परंड्याकडचे. या गावात आले तेव्हा त्यांना कानडीचा गंध नव्हता आणि पोरांच्या घरात मराठी नव्हती; मोठी माणसं तेवढी कामापुरती मराठी बोलत. पुस्तक मराठी होतं म्हणून धडा मराठीत. कविता मराठीत, गोष्ट मराठीत, शाब्बासही मराठीत. पण गोंगाट वाढला, की त्यांचं मराठीतलं रागावणं पोरांच्या डोक्यावरून जाई. पोरं एकमेकांकडे बघून हसत. म्हणून गुरुजी कानडी शिकले. पहिल्याच दिवशी वर्ग चिडीचूप झाला. पुढे पुढे 'इल्लि बा', इकडे ये, एवढं म्हटलं तरी पुरे होई. ते मारकुटे नव्हते. उजव्या हातावर एक छडी, डाव्या हातावर एक, की झालं. मध्यंतरी नीलव्वाही शेजारणीशी बोलताना सापडली होती. नियम सगळ्यांना सारखा.

आपलं कानडी पोरांना लगेच कळतं, याचं त्यांना मोठं समाधान होतं. बाजारात बोलून बोलून ते आता चांगलं सुधारलंही होतं.

खिशात त्यांनी तिच्यासाठी गुळाचा खडा आणला होता. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिच्या भाषेत बोलू लागले.

"नीलव्वा, इल्लि बा." मग कानडीतच, अगदी हळू आवाजात, ते म्हणाले, "तू नाहीस तर वर्ग सुना वाटतो. तू कविता म्हटलीस, की ती मला नव्याने आवडते. ये गं बाळ."

एक शब्द अडला नाही. शांताक्का पदर तोंडाला लावून ऐकत होती.

"अगं बाई," ती नवऱ्याला म्हणाली, "अगदी आपल्यावानी बोलायलेत की गुरुजी!"

नीलव्वाने भावाला गोणपाटावर ठेवलं. ती उठली. उजवा तळहात तिने परकराला पुसला आणि सरळ गुरुजींच्या पुढे धरला.

"बघा, खाऊ मागायलीय भवानी!" गिरिजाबाई ओरडली. "आमच्याम्होरं कशी गरीब गाय हुती!"

सगळ्या बायका पुन्हा हसल्या. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. आपल्याला हे आधीच का सुचलं नाही, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी खिशातून गूळ काढला, त्याला चिकटलेला दोरा नखाने बाजूला केला आणि खडा तिच्या तळहातावर ठेवला.

नीलव्वा दचकली. खडा घरंगळून खडीत पडला. तेव्हा गुरुजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने डोळे गच्च मिटले होते आणि खालचा ओठ दातात धरला होता.

डोळे न उघडताच तिने दुसरा हात पुढे केला.