बिनसरकीचा कापूस

"चाळीस सह्या झाल्या, एकच राह्यली," असं म्हणत बेबीनंदा गुरुजींच्या आधीच घरात शिरली.

तातेराव गुरुजी उंबऱ्याशी चप्पल काढून आत आले. तिचा बाप भिवा बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. एके काळी त्यानेही गुरुजींपुढेच पाढे म्हटले होते. वर्षभरापूर्वीपर्यंत तो रोज सकाळच्या पॅसेंजरने बदनापूरहून जालन्याच्या एका मिलमध्ये जायचा. तिथे गुजरातच्या किनाऱ्यावर मोडलेल्या जहाजांचं लोखंड यायचं, आणि भिवा ते गॅसकटरने भट्टीच्या मापात कापायचा. आता त्याला अंगणापर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये एकदा बसावं लागे.

"भिवा, सातवीच्या मुलांनी परदेशातल्या एका कंपनीला पत्र लिहिलंय. तिची समुद्रात तरंगणारी तेलाची जुनी टाकी आहे, आपली अख्खी शाळा आत मावेल एवढी."

"अन ते ती तशीच समुद्रात बुडवून राह्यले, बाबा!" बेबीनंदाला दम धरवेना. "आत समदा गाळ हाय. मासे मरतील. मी वर्गात सांगितलं, माझे बाबा जहाजं तोडत्यात, त्यांची सही पायजेच."

"जहाजं कशाची, तुकडे," भिवा हसला. "समुद्र तर म्या बघितला बी न्हाई. वाचा, गुरुजी."

गुरुजींनी सावकाश वाचलं. शेवटी होतं: 'म्हणून ही टाकी बुडवू नये. किनाऱ्यावर आणून तोडावी आणि तिचं लोखंड कामाला आणावं.'

"बराबर लिव्हलंय," भिवा म्हणाला. "पर तोडनार कोन, ते न्हाई लिव्हलं."

"ते... त्या कंपनीची माणसं असतील."

"ती मानसं म्हंजे मीच की, गुरुजी."

हसता हसता त्याला ढास लागली. बायको गिरिजाबाईने तांब्या पुढे केला. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "ब्यान्नव साली पहिल्यांदा जहाजाचे पाईप आल्ते. वरून पांढरं गुंडाळलेलं, कापसावानी. आधी ते हातानं वरबाडायचं, मंग पाईप कापायचा. कोनी काही सांगितलं न्हाई. चांगला माल वाया कशाला घालवायचा, म्हनून पोतंभर घरी आनला."

"सरकी न्हाई, काडीकचरा न्हाई," गिरिजाबाई म्हणाली. तिचा जन्म दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचण्यात गेला होता. "म्या म्हनलं, बिनसरकीचा कापूस कोनच्या गावात पिकतो बाई? हातानं पिंजला, उशी भरली. ही तर बापासंगं भांडायची त्या उशीसाठी. तीन वर्सं हिनंच वापरली."

गुरुजींनी बेबीनंदाकडे पाहिलं. ती पेनाचं टोपण काढून सहीची वाट बघत उभी होती.

"औरंगाबादच्या डाक्टरनं सांगितलं, त्यो कापूस न्हाई, आसबेस्टास हाय, त्यानंच ह्यांची छाती गेली; उशी जल्दी घराबाहेर काढा. जाळाया गेले, तर जळंना. मंग..." गिरिजाबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. "मंग दुधना नदीत सोडली. भर पान्यात. दगडावानी खाली गेली."

बेबीनंदा आईकडे बघत राहिली. पत्राची पहिली ओळ तिनेच सुचवली होती: 'पाणी कोणा एकाचं नसतं.'

गुरुजींनी कागदाची घडी घातली, परत उलगडली.

"आन इकडं," भिवाने हात पुढे केला. मांडीवर पाटी घेऊन त्याने एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं आणि कागद लेकीला दिला. "आता खाली अजून एक ओळ टाक. चालंल का, गुरुजी?"

"चालेल," गुरुजी म्हणाले.

बेबीनंदा जमिनीवर बसली.

"लिव्ह. तोडनाऱ्या मानसाला आधी सांगा, आत..."

खोकल्याने त्याला पार वाकवलं. गिरिजाबाई पाठ चोळू लागली. बेबीनंदा 'आत' हा शब्द लिहून थांबली आणि तिने मान वर केली. खोकला थांबेना. निब कागदावर टेकलेलंच होतं, आणि त्या शब्दापुढे शाईचा ठिपका मोठा मोठा होत चालला होता.