गोड मराठी

"मी विचारते मराठीत आणि ही उत्तर देणार हिंदीत! बाहेरचं कुणी ऐकलं तर म्हणेल, भाड्यानं राहायला आलीय या घरात." राधाबाईंनी चिरोट्यांचं ताट तिसऱ्यांदा उचललं, पुसलं आणि होतं तिथंच ठेवलं. "मेघना, तुला बघायला येणारे पाहुणे स्टेशनावर उतरलेत. तोंडातून हिंदीचा एक शब्द बाहेर पडला तर बघ."

"अरे आजी, बोल लूँगी ना," नात म्हणाली.

"हेच ते!"

राधाबाई खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. सहा पिढ्यांपूर्वी हे घराणं पेशव्यांच्या फौजेबरोबर झाशीत आलं. राधाबाईंची शाळा तिसरीत सुटली, मराठी सुटली नाही. झाशीवाले मराठी विसरले, असं पुण्याहून आलेल्या बाईनं म्हणावं, यापरीस मरण बरं.

मेघना चार वर्षांची असताना तिची आई गेली. बाप रेल्वेत ड्यूटीवर आणि पोर दिवसभर गल्लीत. गल्लीनं तिला हिंदी शिकवली, बुंदेली शिकवली. मग राधाबाईंनी घरात मास्तर ठेवला, टीव्ही. संध्याकाळी साडेसातला मराठी मालिका लागायची आणि ती संपेस्तोवर मेघनानं जागचं हलायचं नाही. हल्लीच्या मालिकेत सुनेचं नाव प्रांजली आणि तिला छळणाऱ्या जावेचं शलाका. आधीच्या मालिकांत नावं निराळी होती, बायका ह्याच दोन. एक सोसते, हो म्हणते, रडते. दुसरी नाही म्हणते आणि खिरीत विष कालवते.

मेघना आठवीत असताना राधाबाईंनी कारलं वाढलं आणि बजावलं, नको असेल तर मराठीत सांग. पोरीनं एक भुवई वर चढवली. "माझ्या जिवंतपणी हे शक्य नाही!"

राधाबाईंनी पळी उगारली. "चांगल्या घरच्या मुली मालिकेतल्या त्या बयेसारखं बोलत नाहीत. सुनेसारखं बोल."

पोरीनं ते ऐकलं. त्या दिवशी तिनं कारलंही खाल्लं.

आता मेघना सव्वीस वर्षांची होती. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. मालगाडीच्या इंजिनात बसून बीना जंक्शनपर्यंत जायची. परवाच सकाळी परतली तेव्हा दूधवाला भैया दारात होता. मेघनानं त्याला रुळावर उभ्या राहिलेल्या नीलगाईची गोष्ट सांगितली. बुंदेलीत, दोन्ही हात हवेत फेकत, तोंडानं हॉर्न वाजवत. दूधवाला दूध ओतायचं विसरला. राधाबाई आतून ऐकत होत्या. नीलगाय वाचली की नाही, हे त्यांनाही हवं होतं. पण गोष्ट मराठीत नव्हती, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

रिक्षा दाराशी थांबली. नवरामुलगा सलील भला दिसत होता. चिरोटा मोडावा की मोडू नये, हे तो आईकडे बघून ठरवत होता.

"या ना आई," मेघना पुढं झाली. "प्रवासात त्रास नाही ना झाला? तुम्ही आलात आणि घर कसं भरल्यासारखं वाटलं." कुठंही अडखळली नाही.

सलीलची आई हरखली. "अगंबाई! झाशीत राहून इतकी गोड मराठी! आमच्या पुण्यातल्या मुलींना नाही हो येत."

राधाबाईंची मान ताठ झाली. मेघनाच्या बापाकडे, सुभाषचंद्राकडे, त्यांनी असं बघितलं की जणू त्यानंच कधी शंका घेतली होती.

चहा झाला. सलीलच्या आईनं कप खाली ठेवला. "आम्हाला मुलगी पसंत आहे. एकच गोष्ट. ते इंजिनावर जाणं तेवढं सोडायचं. सून मालगाडी चालवते, हे चारचौघांत सांगायचं कसं? पुण्याला ये, ऑफिसातलं काम मागून घे. ते नाही मिळालं तर घर आहेच. चालेल ना गं?"

मेघनाचा हात वर उठला. परवा दारात उठला होता तसाच. तोंड उघडलं. मग तिची नजर आजीवर गेली. ओठ दोनदा हलले, काही सापडेना. हात खाली आला. पापण्या झुकल्या.

"हो आई. तुमची इच्छा तीच माझी इच्छा."

"बघा! संस्कार म्हणतात ते हे!" सलीलच्या आईनं पेढ्यांचा पुडा सोडला.

राधाबाई बसल्या जागी चुळबुळल्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. काल साडेसातला प्रांजली हेच म्हणाली होती, याच सुरात. मग तिचा चेहरा तीनदा दाखवला, सनई वाजली आणि राधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आज सनई वाजली नाही. मेघनाच्या अंगठ्याच्या नखाखाली इंजिनाचं काळं राहिलं होतं आणि ती ते दुसऱ्या हातानं झाकत होती.

नाही म्हणायची मराठी या पोरीला एकच येत होती, विष कालवणारीची. तीही राधाबाईंनी पळी उगारून बंद केली होती.

पेढा मेघनाच्या ओठांपाशी आला. राधाबाई उठल्या. गुडघा कटकन वाजला. त्यांनी सलीलच्या आईचा हात मनगटाशी धरला आणि हळूच बाजूला केला.

"थांबा, ताई. हे माझी नात नाही बोलली. हे काल टीव्हीवर झालं."

राधाबाई नातीकडे वळल्या.

"मेघना, तुझी मराठी फार गोड झाली. माझीच करणी. आता पुरे. दूधवाल्याशी बोललीस ना परवा, तशी बोल यांच्याशी. हिंदीत."