माइक नको

“पॉवर सप्लायमध्ये कंजुषी करू नकोस. बाकी कुठेही कर.”

ठिपक्याचा, तिच्या मुलाचा, आवाज तिच्या कानात जसाच्या तसा होता. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने काउंटरवर ठेवलेला स्वस्तातला डबा तिने बोटाने हळूच मागे सारला.

“हा नको. साडेपाचशे वॉटचा, चांगल्या कंपनीचा द्या.”

“काकू, त्यात तीन हजार जास्त जातील. तेवढ्यात काचेची कॅबिनेट येते, रंगीत दिव्यांची. पोरं खूश होतात.”

“दिवे नकोत. पत्र्याची साधी द्या.”

नवरा शेजारच्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. “लग्नाच्या वेळी मलासुद्धा हिने एवढं पारखून घेतलं नव्हतं,” तो म्हणाला.

दुकानदार हसला. ती हसली नाही. पडदे शिवून साठवलेले साठ हजार होते आणि त्यातच मॉनिटरही बसवायचा होता. प्रोसेसर तिने गेल्या वर्षीचा, सहा कोअरचा निवडला. मेमरीची सोळा जीबीची एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन मागितल्या. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं चालेल म्हणाली, पण आधी चालवून दाखवा.

“मुलगा हुशार दिसतोय. सगळं पढवून पाठवलंय तुम्हाला.”

“हो.”

“त्यालाच आणायचं की.”

तिने यादीवरची नजर उचलली नाही. नवरा पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ठिपक्याचा कॉम्प्युटरवर कुठलासा मोठा सामना चालू असताना तिने भिंतीतला प्लग उपटला होता. तो परीक्षेत नापास झालेला, आणि घरात दिवसभर ती खेळातल्या गोळ्यांची धडधड. तेवढ्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर तिने अख्खा कॉम्प्युटर भंगारवाल्याला वजनावर दिला. ठिपक्या ओरडलासुद्धा नाही. “तिघं माझ्या भरवशावर होते, आई,” एवढंच म्हणाला. आठवड्याभराने दोन बॅगा उचलून दुसऱ्या शहरात निघून गेला. त्याची नोकरी आणि पत्ता त्यांना त्याच्या मित्राकडून कळला. आईचा फोन त्याने आजवर उचलला नव्हता. हनुवटीवरच्या तिळावरून लाडाने ठेवलेलं ते नाव आता घरात कुणी मोठ्याने घेत नसे. सकाळच्या प्रार्थनेला ती नुसते हात जोडून उभी राहायची. मागायला तोंड उरलं नव्हतं.

“हा हेडफोन घ्या,” दुकानदार म्हणाला. “माइकसकट आहे. तीनशेच जास्त.”

“माइक नको.”

“अहो, यादीतला हा खेळ चौघांच्या संघात खेळायचा, तर बोलायला नको? पोरगा मुका आहे का?”

“मुका?” नवरा म्हणाला. “झोपेतसुद्धा बडबडायचा.”

“माइक नको,” ती पुन्हा म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुकानदाराने बिल केलं. साठ हजारांतले दोनशे चाळीस उरले. “शनिवारी चारला माणूस येईल. जोडून, खेळ टाकून, चालू करून देईल.”

“पाचनंतर पाठवा. तीन ते पाच माझं मौन असतं.”

“रोज?”

“वर्ष झालं,” नवरा म्हणाला. “वाचनालयात जाऊन बसते. घरी माझ्यासमोर गप्प राहवत नाही ना.”

“आमच्या घरी पाठवा हा नेम,” दुकानदार म्हणाला.

“पण शनिवार चुकवू नका,” ती म्हणाली. “रविवारी चारला सामना आहे.”

रस्त्यात नवऱ्याने पिशवी खांद्यावर नीट अडकवली. मग म्हणाला, “सामन्याचं तुला कसं कळलं?”

“कळलं.”

“हे बघ, त्याच्याकडे आता स्वतःचा असणार. तू पाठवशील, तो परत पाठवेल, आणि तू उंबऱ्यात खोक्यापाशी रडत बसशील. मला ते बघवणार नाही.”

“परत नाही येणार.”

“एवढी खात्री?”

ती झपझप पुढे चालू लागली. चूक भरून काढता येते असं तिला वाटत नव्हतं. निदान त्या रविवारसारखं कुणाला पुन्हा टांगणीला लावायचं नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

शनिवारी माणूस आला. शिलाई मशीन सरकवून आतल्या खोलीतल्या टेबलावर त्याने सगळं जोडून दिलं. रविवारी जेवणं झाल्यावर नवऱ्याने माळ्यावरून रिकामी खोकी आणि चिकटपट्टी काढली.

“कुरिअरवाल्याला किती वाजता बोलावू?”

“थांबा जरा. आधी चालवून बघते.”

साडेतीनला तो दारात येऊन उभा राहिला. “आज वाचनालय नाही का?”

तीन कधीच वाजून गेले होते. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि दार हलकेच लोटून घेतलं. पदर खोचला, खुर्चीत बसली, हेडफोन कानांवर चढवले. पडद्यावर एकेक करत चार नावं उजळली. त्यातलं एक तिनेच ठेवलेलं होतं, चोवीस वर्षांपूर्वी; त्या नावावरूनच तिने त्याला इथे शोधून काढलं होतं.

“मुक्या, आलास का रे?” ठिपक्याचा आवाज आला, रोजच्यासारखाच हसरा. “घेतलास एकदाचा स्वतःचा? आता नेट कॅफेतल्यासारखा अर्ध्यावर गायब होणार नाहीस ना?”

तिने दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं, ‘आलो. आज अर्ध्यावर जाणार नाही.’ आणि पडद्यावर त्याच्यापासून दोन पावलं मागे राहून ती निघाली.