उघडलेली काडतुसं

मार्नीचं हे नेहमीचंच होतं. घरातून निघालं की अर्ध्या वाटेवरून परत यायचं, का तर गॅस बंद केला की नाही. कुलूप लावायचं आणि पुन्हा ओढून बघायचं. पण आज आर्डिथच्या या सुनेने हद्द केली. दोन दिवस खपून भरलेली काडतुसं ती एकेक करून उघडत बसली होती, आणि उद्या पहाटे एल्कच्या, घोड्याएवढ्या त्या रानहरणाच्या, शिकारीचा हंगाम सुरू होत होता.

ठक. ठक. ठक.

हातोडीसारख्या एका प्लॅस्टिकच्या हत्यारात काडतूस अडकवायचं आणि सरपणाच्या ओंडक्यावर आपटायचं. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला गोळी निसटायची, तिच्यामागून दारू. मार्नी ती दारू इवल्याशा तराजूत ओतायची, काटा थांबेपर्यंत श्वास धरायची, आणि मग पुढचं काडतूस उचलायची.

"विणलेला स्वेटर उसवायला बसलीय," आर्डिथ शेगडीजवळच्या खुर्चीतून म्हणाली. "घालायच्या आदल्या दिवशी. हौस असते एकेकाला."

"हो आई," मार्नी म्हणाली आणि पुढचं आपटलं.

झालं होतं ते एवढंच. दुपारी पसारा आवरताना तराजूचं सरकतं वजन एक खाच पुढे गेलेलं मार्नीला दिसलं. कधी गेलं? काडतुसं भरून झाल्यावर गेलं असेल तर प्रश्नच नव्हता. पण आधी गेलं असेल तर काहींत दारू जास्त पडली असणार, आणि तसलं काडतूस बंदुकीत घालायचं म्हणजे स्वतःच्या गालाशी सुरुंग धरायचा.

"अगं, मी मेजावर रेललो तेव्हा धक्का लागला," गार्थ तिसऱ्यांदा सांगत होता. आर्डिथचा हा थोरला, मार्नीचा नवरा. "आणि तुझं सगळं भरून झालं होतं तेव्हा. पक्की खात्री आहे मला."

"मला नाही ना."

"तुला कशाची असते? लग्नात पाद्र्याला दोनदा विचारायला लावलं होतंस."

आर्डिथला हसू आलं. तिने ते कॉफीत बुडवलं.

खरं तर हा काडतुसं भरायचा उद्योग मार्नीनेच काढला होता. लाकडाची गिरणी बंद पडली आणि दुकानातली काडतुसं परवडेनाशी झाली. गार्थ नुसता चरफडला. मार्नीने कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानातून हाताने दाबायचं यंत्र उचलून आणलं, गावच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. गार्थने वर्षानुवर्षं कॉफीच्या डब्यात टाकलेल्या रिकाम्या पुंगळ्या तिने घासूनपुसून चकचकीत केल्या. आणि आता तेच सगळं आपटून मोकळं करत होती.

ठक. ठक.

बंदूक मात्र आर्डिथची. खांदा गेल्यापासून तिने ती उचलली नव्हती, पण न्यायची कुणी हे तीच ठरवायची. शिकारीचे परवाने गार्थ-मार्नी दोघांकडे होते, बंदूक एकच. आणि दरवर्षी ती गार्थ न्यायचा. एल्क पडला तर बर्फ वितळेपर्यंत घर मांस खायचं. नाही पडला तर राजमा, आणि मग पुन्हा राजमा. शेडमधल्या फ्रीझरच्या तळाशी आता वाटाण्याची एक पिशवी उरली होती.

गार्थ वैतागून सरपण आणायला उठला.

"टोपी," आर्डिथ म्हणाली.

"आई, शेड समोर आहे. आणि हंगाम उद्यापासून आहे."

"बंदुकीला कॅलेंडर वाचता येतं का?"

रानात माणूस लांबूनही दिसावा म्हणून शिकारी घालतात तसली नारंगी टोपी गार्थने खुंटीवरून काढून डोक्यावर आदळली आणि गेला. या घरात ऑक्टोबर लागला की टोपीशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा नारंगी फडकं असायचं. गाव हसायचं. आर्डिथने कधी कुणाला कारण सांगितलं नाही, आणि तिच्या तोंडाला लागून विचारायची कुणाची टाप नव्हती.

ऊन मेजावरून उतरलं तेव्हा शेवटचं काडतूस उघडलं गेलं. मार्नीने दारू तोलली. काटा बरोबर मध्यावर थांबला.

"किती चुकीची निघाली?" गार्थने दारातूनच विचारलं.

"एकही नाही."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"हो."

गार्थ मनापासून हसला. मार्नीचे कान लाल झाले. हाताला फोड आला होता, तो तिने तोंडात धरला. मग तराजूचं वजन पुन्हा एकदा तपासलं, पहिली पुंगळी समोर ओढली, आणि दारू भरायला सुरुवात केली.

आर्डिथ ते बघत राहिली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. भिंतीवरची बंदूक तिने दुखऱ्या खांद्यानेच काढली. सवयीने गार्थचा हात पुढे आला. ती त्याच्याजवळून तशीच पुढे गेली आणि बंदूक मेजावर, मार्नीसमोर ठेवली.

"आई, हिने आजवर ससासुद्धा मारला नाहीये," गार्थ म्हणाला. "झुडपात काही हललं तर ही संध्याकाळपर्यंत बघतच बसेल, नक्की काय आहे म्हणून."

"बघू दे," आर्डिथ म्हणाली. मग ती सुनेकडे वळली.

"चिकट आहेस. हट्टी आहेस. ठोकून ठोकून माझं डोकं उठवलंस. उद्या बंदूक तू न्यायचीस, आणि यापुढेही तूच. माझ्या पाठच्या भावाला झुडपातला एल्क समजून ज्याने गोळी घातली ना, त्याला पक्की खात्री होती."