कमोडातली किल्ली

ऑफिसातल्या चौघींनी पहिल्यांदाच आपल्यात घेतलं, म्हणून नवी आलेली ती नुसती हवेत होती. एस्केप रूमच्या खेळात कैद्याच्या खोट्या कोठडीतून तासाभरात सुटायचं होतं, आणि शेवटची किल्ली काही केल्या सापडेना!

"कमोडातच असणार," चौघींची म्होरकी म्हणाली. "घाल हात. आपल्या ग्रुपमध्ये नखरे चालत नाहीत हं!"

आत हिरवट, बुळबुळीत काहीतरी होतं आणि नाकातले केस जळतील असा वास. तिने डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात घातला. बिचारी चाचपडत राहिली. मागून "शाब्बास गं वाघिणी!" चाललेलं.

तेवढ्यात दार उघडून खेळ चालवणारा धावत आत आला आणि म्होरकीकडे बोट दाखवत म्हणाला, "अहो ताई, त्यात कशाला हात घालताय? किल्ली तर या मॅडमनी केव्हाच खिशात टाकली. कॅमेऱ्यात दिसलं ना मला!"

चौघी खो खो हसत सुटल्या. "अगं, गंमत केली! रुसू नको हं. चल, ग्रुप फोटो!"

ती मुळीच रुसली नाही. फोटोसाठी म्होरकीला अगदी चिकटून उभी राहिली आणि तिच्या दोन्ही गालांवरून तोच हात मायेने फिरवला.